जबड्यातील काळी सावली : दातांच्या एक्स-रेवरून सिस्टचे निदान

नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरोरा मागे पडले की माजरी जंक्शन लागते. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील हे गाव कोळशाच्या खाणींमुळे ओळखले जाते. येथे खाण उघडण्याआधी जमिनीत ठिकठिकाणी बोअर मारले जातात, खालच्या थरांचे नमुने काढून तपासले जातात आणि मगच खोदकामाचा निर्णय होतो. वरून दिसणाऱ्या खुणांवरून अंदाज बांधता येतो. खात्री होते ती नमुना हाती आल्यावरच. दंतवैद्यकातही नेमका हाच नियम लागू पडतो. दाताच्या एक्स-रेवर हाडात दिसणारी गोल काळी सावली ही एक खूण असते. ती म्हणजे निदान नव्हे.

हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटतो; पण त्याचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात. सावली दिसताच 'दाताच्या मुळाशी सिस्ट आहे' असे गृहीत धरले, तर पूर्णपणे निरोगी दाताचे रूट कॅनाल होऊ शकते. पुन्हा पुन्हा उद्भवणारी सिस्ट साधी समजून नुसती खरवडून काढली, तर काही वर्षांनी जबडाच पोखरला गेल्याचे लक्षात येते. आणि सिस्ट समजून दुर्लक्षिलेली सावली प्रत्यक्षात ट्यूमरची किंवा कर्करोगाची निघाली, तर गमावलेला काळ परत मिळत नाही. म्हणूनच ही सावली कशी वाचतात, हे सर्वसामान्य वाचकानेही समजून घेणे उपयुक्त आहे.

सिस्ट म्हणजे काय?

सिस्ट म्हणजे पेशींचे अस्तर असलेली पोकळी. मराठी वैद्यकीय परिभाषेत तिला 'पुटी' म्हणतात. या पिशवीत द्रव किंवा दह्यासारखा घट्ट पदार्थ साठतो आणि ती फुग्याप्रमाणे हळूहळू मोठी होत जाते. शरीरातील इतर हाडांच्या तुलनेत जबड्यात सिस्टचे प्रमाण फार अधिक असते. कारण दात घडविणाऱ्या पेशींचे सूक्ष्म अवशेष जबड्याच्या हाडात आयुष्यभर शिल्लक राहतात. दाताच्या मुळाशी दीर्घकाळ राहिलेला जंतुसंसर्ग किंवा जन्मजात प्रवृत्ती यांमुळे हे अवशेष पुन्हा वाढू लागतात आणि त्यातून सिस्ट निर्माण होते.

बहुतेक सिस्ट वेदनारहित असतात. त्यात संसर्ग होऊन सूज येईपर्यंत, दात हलू लागेपर्यंत किंवा जबडा एका बाजूने फुगेपर्यंत रुग्णाला तिचा पत्ताही लागत नाही. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये ती अचानक दिसते.

एक्स-रे काय दाखवतो आणि काय नाही?

विल्हेल्म राँटजेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील दंतवैद्य ओटो वॉल्कहोफ यांनी स्वतःच्याच दातांचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. आज हेच काम एका सेकंदापेक्षाही कमी वेळात होते. तोंडात छोटी फिल्म किंवा सेन्सर ठेवून दोन-तीन दातांचे चित्र घेणे ही पहिली पद्धत. दुसरी पद्धत ओपीजीची; यात यंत्र डोक्याभोवती फिरते आणि दोन्ही जबडे एकाच चित्रात दिसतात. फिनलंडमधील यर्यो पातेरो यांनी ही पद्धत विकसित केली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यकासाठी कोन-बीम सीटी आले आणि जबड्याची लांबी, रुंदी व खोली तिन्ही दिशांनी पाहणे शक्य झाले.

एक्स-रेमध्ये खनिजांनी भरलेले कठीण हाड पांढरे दिसते, तर खनिजे कमी झालेली जागा काळी. तेथे हाड उरलेले नाही, एवढेच काळा रंग सांगतो. त्या जागी द्रव आहे, मांसल गाठ आहे, पू आहे की रक्त, हे त्यातून कळत नाही. दुसरी मर्यादा अशी की, आजार आतल्या स्पंजासारख्या हाडापुरता मर्यादित असेल आणि बाहेरील कठीण कवचापर्यंत पोचला नसेल, तर तो साध्या चित्रात दिसेलच असे नाही. म्हणजे स्वच्छ एक्स-रे हा निरोगीपणाचा निर्वाळा नाही. शिवाय साधे चित्र त्रिमितीय हाडाची सपाट छाया असते. त्यामुळे पुढचे-मागचे अवयव एकमेकांवर चढलेले दिसतात.

सावली वाचण्याचे पाच प्रश्न

अनुभवी चिकित्सक सावली पाहून लगेच नाव घेत नाही. तो क्रमाने काही प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न जागेचा. सावली दाताच्या मुळाच्या टोकाशी आहे, दोन मुळांमध्ये आहे, न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती आहे, की दातांशी संबंधच नसलेल्या भागात आहे? खालच्या जबड्यातून जाणाऱ्या चेतातंतूच्या नलिकेच्या खाली दिसणारी सावली बहुधा दातापासून उगम पावलेली नसते.

दुसरा प्रश्न कडेचा. सावलीभोवती बारीक, सलग पांढरी रेघ असेल तर वाढ संथ आहे आणि हाडाला स्वतःभोवती कुंपण घालायला वेळ मिळाला आहे, असे समजतात. कड अस्पष्ट, कुरतडल्यासारखी असेल तर तीव्र संसर्ग किंवा कर्करोगाची शंका घ्यावी लागते. मात्र साध्या सिस्टमध्येही संसर्ग झाल्यास तिची पांढरी रेघ पुसट होते.

तिसरा प्रश्न आतील रचनेचा. सावली एकसंध आहे, की साबणाच्या फेसाप्रमाणे अनेक कप्प्यांची? तिच्यात पांढरे ठिपके आहेत का?

चौथा प्रश्न शेजाऱ्यांचा. दात बाजूला सरकले आहेत का? त्यांची मुळे झिजली आहेत का? हाडाचे कवच फुगले आहे, की फाटले आहे?

पाचवा प्रश्न सर्वांत साधा, तरीही सर्वाधिक वेळा विसरला जाणारा : तो दात जिवंत आहे का? याचे उत्तर एक्स-रे देत नाही. थंड पदार्थाचा स्पर्श किंवा विजेचा अत्यंत सौम्य प्रवाह देऊन दातातील नस प्रतिसाद देते का, हे पाहावे लागते. तपासणी दोन मिनिटांची असते. पण सावलीचा अर्थ तिच्यावरून पालटतो.

नेहमी आढळणाऱ्या सिस्ट

रॅडिक्युलर सिस्ट : जबड्यातील सर्व सिस्टमध्ये हिचे प्रमाण सर्वाधिक, निम्म्याहून अधिक असते. कीड खोलवर जाऊन किंवा मार लागून नस मेलेल्या दाताच्या मुळाशी ती तयार होते. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाला चिकटलेली गोल सावली दिसते. मात्र मुळाशी दिसणारी प्रत्येक सावली सिस्ट नसते. पी. एन. आर. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काढलेल्या दातांच्या मुळांना चिकटलेल्या २५६ विकृती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांपैकी केवळ १५ टक्के सिस्ट निघाल्या; ५० टक्के ग्रॅन्युलोमा आणि ३५ टक्के पूयुक्त गळवे होती. एक्स-रेवर हे तिन्ही प्रकार एकसारखेच दिसू शकतात. सावली मोठी असेल तर सिस्टची शक्यता वाढते, इतकेच म्हणता येते. चांगल्या रूट कॅनालनंतर यांतील बहुतांश सावल्या काही महिन्यांत ते काही वर्षांत भरून येतात. असा दात काढला आणि मुळाशी असलेली सिस्ट मात्र आतच राहिली, तर बोळक्या जागी पुढे तीच 'अवशिष्ट सिस्ट' म्हणून वाढत राहते.

डेंटिजेरस सिस्ट : न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती ही पिशवी असते आणि दाताची मान जेथे संपते, नेमकी तेथेच ती चिकटलेली असते. खालची अक्कलदाढ आणि वरचा सुळा ही तिची नेहमीची ठिकाणे. तरुण वयात एखादा दात आलाच नाही म्हणून एक्स-रे काढावा आणि ही सिस्ट दिसावी, असे वारंवार घडते.

केरॅटोसिस्ट : सर्वांत फसवी सिस्ट हीच. डेन्मार्कचे फिलिप्सन यांनी १९५६ मध्ये तिला हे नाव दिले. ती खालच्या जबड्याच्या मागील भागात अधिक आढळते आणि हाड फुगविण्याऐवजी त्याच्या लांबीच्या दिशेने आत पसरत जाते. त्यामुळे चेहऱ्यावर सूज दिसेपर्यंत ती बरीच मोठी झालेली असते. तिचे अस्तर पातळ आणि ठिसूळ असल्याने शस्त्रक्रियेत त्याचे तुकडे मागे राहू शकतात व ती पुन्हा उद्भवते. याच आक्रमक स्वभावामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिची गणना ट्यूमरमध्ये केली होती. २०१७ च्या वर्गीकरणात तिला पुन्हा सिस्टच्या गटात आणले. नाव बदलले तरी स्वभाव तोच आहे. लहान वयात एकाहून अधिक केरॅटोसिस्ट आढळल्या, तर गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा शोध घ्यावा लागतो. या विकारात त्वचेचा विशिष्ट कर्करोग होण्याची शक्यता असते. म्हणून अशा वेळी दंतवैद्याच्या खुर्चीत लागलेला सुगावा रुग्णाला पुढील मोठ्या संकटापासून सावध करू शकतो.

नॅसोपॅलाटाइन सिस्ट : वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध, टाळूच्या बाजूला असणारी ही सिस्ट पुष्कळदा बदामाच्या आकाराची दिसते. तिच्या लगतचे दात जिवंत असतात. ही गोष्ट न तपासल्यास त्या दातांचे अकारण रूट कॅनाल होण्याचा धोका असतो.

सिस्टसारखे दिसणारे, पण सिस्ट नसलेले

काही सावल्या तर आजारच नसतात. खालच्या उपदाढांच्या मुळाजवळ चेतातंतू बाहेर पडण्याचे नैसर्गिक छिद्र असते. ते चित्रात मुळाच्या टोकावर आल्यास हुबेहूब सिस्टसारखे दिसते. वेगळ्या कोनातून दुसरे चित्र घेतले की छिद्र मुळापासून दूर सरकते आणि उलगडा होतो. वरच्या दाढांच्या वर गालाच्या हाडातील सायनसची पोकळीही अशीच फसविते. खालच्या जबड्याच्या कोनाजवळ, चेतानलिकेखाली दिसणाऱ्या एका निरुपद्रवी खळग्याचे वर्णन स्टाफ्ने यांनी १९४२ मध्ये केले. त्याला उपचारांची गरज नसते. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी काळ्या सावल्या दिसतात, त्या पुढे हळूहळू पांढऱ्या होतात. हा हाडाच्या घडणीतील एक निरुपद्रवी बदल असतो आणि दात जिवंत असतात. येथे रूट कॅनाल करणे चूक ठरते.

दुसऱ्या टोकाला गंभीर आजार उभे असतात. अमेलोब्लास्टोमा हा दात घडविणाऱ्या पेशींपासून उद्भवणारा ट्यूमर साबणाच्या फेसासारखा कप्प्याकप्प्यांचा दिसतो, जबडा फुगवतो आणि दातांची मुळे झिजवतो. मात्र त्याचा एकाच कप्प्याचा प्रकार तरुण रुग्णात न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती दिसतो, तेव्हा तो आणि डेंटिजेरस सिस्ट यांत एक्स-रेवरून फरक करणे जवळजवळ अशक्य असते. याखेरीज पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार आणि मल्टिपल मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग यांच्या खुणाही जबड्यात काळ्या सावल्यांच्या रूपाने उमटू शकतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत ध्यानात ठेवण्याच्या दोन बाबी

एक्स-रेचे नियम जगभर सारखेच असतात. रुग्ण कोठून आला आहे, यावर मात्र त्यांचा अर्थ लावण्याची दिशा ठरते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत दोन गोष्टींचा विचार आवर्जून करावा लागतो.

पहिली गोष्ट सिकलसेल. विदर्भाच्या या पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तिचे लक्ष्यवर्ष २०४७ आहे. या आजारात रक्तनिर्मितीसाठी अस्थिमज्जेला जादा काम करावे लागते. त्यामुळे जबड्यातील स्पंजासारख्या हाडाच्या पोकळ्या मोठ्या होतात आणि दातांच्या मुळांमधील हाड अधिक काळसर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेषांचे दिसते. हा फरक ठाऊक नसेल तर त्याला संसर्ग किंवा सिस्ट समजण्याची चूक होते. याच्या उलटही घडते. विळ्याच्या आकाराच्या पेशींमुळे दातातील सूक्ष्म रक्तवाहिनी बंद पडून, कीड नसतानाही नस मरू शकते आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या दाताच्या मुळाशी खरीखुरी सावली तयार होते. म्हणून कीड नसलेल्या दाताशी सावली दिसली, तर या भागातील रुग्णाला सिकलसेलची तपासणी झाली आहे का, असे विचारणे योग्य ठरते. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वीही ही माहिती डॉक्टरांना देणे अत्यावश्यक असते.

दुसरी गोष्ट खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे चघळल्याने तोंडाच्या आतील त्वचा आखडते आणि तोंड पुरते उघडत नाही. अशा रुग्णाच्या तोंडात मागच्या दाढेपर्यंत फिल्म सरकवणेही कठीण होते. तेव्हा बाहेरून घेतला जाणारा ओपीजी उपयोगी पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिरडीवर सुरू झालेला कर्करोग हाडात उतरू शकतो. त्याची सावली कुरतडलेली, पांढऱ्या रेघेविना असते आणि तिच्यातील दात आधाराविना तरंगत असल्यासारखे दिसतात. दात काढल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, दात कारणाशिवाय हलू लागला किंवा खालचा ओठ बधिर झाला, तर 'सिस्ट असेल' म्हणून थांबणे धोक्याचे असते.

खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच

निदानाची वाट पायरीपायरीने जाते. आधी रुग्णाची हकीकत व तोंडाची तपासणी, मग दाताच्या जिवंतपणाची चाचणी आणि लहान एक्स-रे. सावली मोठी असेल वा चित्रात मावत नसेल तर ओपीजी. चेतानलिका, सायनस किंवा हाडाचे कवच यांच्याशी तिचे नाते समजून घ्यायचे असेल तर कोन-बीम सीटी. मोठी सावली उघडण्यापूर्वी सुईने आतील पदार्थ ओढून पाहतात. पिवळसर द्रव आला तर सिस्टची शक्यता बळावते, घट्ट दह्यासारखा पदार्थ केरॅटोसिस्टकडे बोट दाखवतो, तर सुईत ताजे रक्त उसळून आले तर हाडातील रक्तवाहिन्यांच्या गाठीची शंका घेऊन हात थांबवावा लागतो. अशी गाठ नकळत उघडली गेल्यास रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

शेवटची पायरी बायोप्सीची. काढलेला तुकडा विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो आणि अस्तराच्या पेशींवरून सिस्टचे नाव ठरते. खाणीच्या भाषेत सांगायचे तर हाच तो बोअरचा नमुना. शस्त्रक्रियेत काढलेली सिस्ट कितीही साधी वाटली तरी ती टाकून न देता तपासणीला पाठविणे, हा सर्वमान्य नियम आहे.

किरणोत्साराची भीती मात्र अवाजवी नसावी. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतच असतो. दाताच्या एका लहान डिजिटल एक्स-रेतून मिळणारी मात्रा साधारण एका दिवसाच्या नैसर्गिक किरणोत्साराइतकी, तर ओपीजीची काही दिवसांइतकी असते. कोन-बीम सीटीची मात्रा याहून बरीच अधिक असल्याने ते गरजेपुरतेच करावे. गर्भवतीने आपली स्थिती आधीच सांगावी. भारतात अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते.

उपचार आणि पाठपुरावा

उपचार नावावर अवलंबून असतात. म्हणूनच नाव बरोबर हवे. मेलेल्या दाताच्या मुळाशी असलेल्या सावलीसाठी बहुधा आधी रूट कॅनाल करून वाट पाहतात. न भरणारी किंवा मोठी सिस्ट अस्तरासह काढतात. फार मोठ्या सिस्टला आधी खिडकीसारखे छिद्र पाडून आतील दाब कमी करतात, ती आक्रसल्यावर उरलेला भाग काढतात. जर्मनीचे शल्यविशारद कार्ल पार्च यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत आजही वापरात आहे. केरॅटोसिस्टमध्ये पोकळीच्या भिंतींवर अतिरिक्त उपचार करावे लागतात, तर अमेलोब्लास्टोमात अनेकदा सभोवतालच्या निरोगी हाडासह जबड्याचा भाग काढावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर हाड भरायला महिने लागतात आणि ते भरले की नाही हे पुन्हा एक्स-रेच सांगतो. केरॅटोसिस्ट बहुधा पहिल्या पाच वर्षांत पुन्हा उद्भवते. पण दहा वर्षांनंतरही उद्भवल्याची उदाहरणे आहेत. दुखत नाही म्हणून तपासणीला न जाणे येथे महागात पडते.

माजरीसारख्या गावातील रुग्णाला यातील प्रत्येक सोय दारात मिळणार नाही. मात्र त्याच लोहमार्गाने एका दिशेला चंद्रपूर आहे, दुसऱ्या दिशेला वर्धा आणि नागपूर. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून, तर वर्ध्याजवळील सावंगी मेघे येथील शरद पवार दंत महाविद्यालय १९९१ पासून कार्यरत आहे. एक्स-रे, शस्त्रक्रिया आणि विकृतिशास्त्र हे तिन्ही विभाग एका छताखाली असणे हा दंत महाविद्यालयांचा मोठा लाभ. तेथे जाताना रुग्णाने जुने एक्स-रे आणि बायोप्सीचा अहवाल जपून सोबत न्यावा. दोन वर्षांपूर्वीची सावली आजच्या सावलीशेजारी ठेवली की वाढीचा वेग कळतो, आणि तो कोणत्याही एका चित्रात दिसत नाही.

एक्स-रे पाहून डॉक्टरांनी 'सिस्ट आहे' असे सांगितले, तर रुग्णाने तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत : हा दात जिवंत आहे का, हे तपासले आहे का? ही सिस्टच आहे, की दुसरे काही असू शकते? आणि काढलेला तुकडा तपासणीसाठी जाणार आहे का? काळ्या सावलीला योग्य नाव मिळण्यासाठी एवढे तीन प्रश्न पुष्कळदा पुरेसे ठरतात.